जय्यत तयारी

“इथं नको, इथं नको! आधी गाडी गेटच्या बाहेर घ्या,” कंपाउंडर खिडकीतूनच ओरडला.

उरणच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर हलिमा नवऱ्याला सावरत उभी होती. हसनचं अंग नुसतं भाजत होतं. बंदराजवळच्या गोदामात तो सुपरवायझर होता. परवा कामावरून आला तो थंडी वाजतेय म्हणत पांघरुणात शिरला, आणि तेव्हापासून ताप उतरलाच नव्हता. आज सकाळपासून धापही लागली होती.

“डॉक्टर बघतील तरी का?” हलिमानं विचारलं.

“बघून काय करणार, बाई? तो नवीन व्हायरस असला तर आमच्याकडे आहे काय? मलेरियाच्या गोळ्या. पनवेलला न्या.”

खिडकी बंद झाली.

महिनाभर सगळीकडे त्या व्हायरसचीच चर्चा होती. दूरदर्शनच्या बातम्यांत रोज कोणीतरी सांगायचं, घाबरू नका, यंत्रणा सज्ज आहे. हसन हसायचा. “सज्ज असती तर रोज सांगायला लागलं असतं का?” आता त्याच्यात हसण्याचं त्राण नव्हतं.

जीप शेजारच्या नामाची होती. बंदरासाठी जमीन गेल्यापासून तो पनवेल-उरण सीटा मारायचा, प्रवासी ने-आण करायचा. गावात हसनच्या घराकडे कोणी फिरकत नव्हतं, तेव्हा नामानं स्वतःहून गाडी दारात लावली होती.

“भाभी, टेन्शन घेव नको. मी हाय ना,” तो म्हणाला आणि गाडी पनवेलच्या दिशेनं वळवली.

पनवेलच्या खाजगी हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीनं तापाचं नाव ऐकताच नाकाला रुमाल लावला. “कॉट शिल्लक नाही.”

“त्या काय आहेत मग?” हलिमानं काचेतून बोट दाखवलं. आत दोन कॉट रिकाम्या दिसत होत्या.

“त्या साध्या पेशंटसाठी.”

हलिमाचा आवाज चढला. तिनं काउंटरवर हात आपटला. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले, पण दारातच थांबले.

“ताई, माझ्याकडे धड हातमोजे नाहीत. यांना आत घेतलं तर उद्यापासून नर्स कामावर येणार नाहीत.”

“मग मी यांना न्यायचं कुठं? समुद्रात?”

डॉक्टर म्हणाले, “बेलापूरच्या पुढे नवीन हॉस्पिटल झालंय. तिथे या तापासाठी खास वॉर्ड उघडलाय म्हणे.”

“फोन तरी करा त्यांना. तिकडूनही हाकललं तर काय करू मी?”

“करतो,” म्हणत डॉक्टर आत गेले.

रस्ताभर हलिमा हसनच्या छातीवर हात ठेवून बसली होती. त्याचे ओठ काळपट पडत चालले होते. तो मध्येच गोदामातल्या माणसांशी बोलत होता, मध्येच पाणी मागत होता. नामा हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमननं जीप अडवली. हलिमानं पदर खोचला आणि भांडायच्या तयारीनं खाली उतरली.

“त्या नवीन तापाचा पेशंट आहे,” ती म्हणाली.

“आले का? घ्या, घ्या, आत घ्या! साहेब कधीचे वाट बघतायत,” वॉचमन म्हणाला आणि त्यानं शिट्टी फुंकली.

हलिमा बघतच राहिली. पनवेलच्या डॉक्टरांनी खरंच फोन केला होता तर!

पांढरे झगे आणि मास्क घातलेली चार माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. हसनला त्यांनी अलगद उचललं. लिफ्ट उघडीच होती. वॉर्डमध्ये रंगाचा वास होता, चादरी कडक इस्त्रीच्या होत्या. खाटेशेजारचा ऑक्सिजनचा सिलिंडर इतका नवा होता की त्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. एका नर्सनं हसनच्या तोंडावर मास्क बसवला. दुसरीनं सलाईनची नळी त्याच्या मनगटावर चिकटपट्टीनं चिकटवली. सुई टोचलीच नाही. मोठ्या हॉस्पिटलातली नवी पद्धत असेल, हलिमाला वाटलं.

कोपऱ्यात सफारीतले तीन-चार साहेब उभे होते. एकजण घड्याळाकडे बघत होता, एकजण फोटो काढत होता.

“डॉक्टरसाहेब, यांना परवापासून ताप आहे,” हलिमा घाईघाईनं सांगू लागली. “आज सकाळपासून श्वास—”

“हो, हो. सगळं माहीत आहे आम्हाला,” एक तरुण डॉक्टर म्हणाले. “तुम्ही जरा बाजूला उभ्या रहा. साहेबांना दिसत नाहीये.”

ती बाजूला झाली. दिवसभर ज्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, त्याच्याभोवती आता सहा जण होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उगाच सगळ्यांना बोललो आपण, तिला वाटलं.

“बघ भाभी, इकरं सगला तयार हाय,” नामा दारातून कुजबुजला.

हसननं मान एकदा इकडे, एकदा तिकडे टाकली. छातीतून घरघर आली. मास्क ओढायला त्यानं हात उचलला, तो वाटेतच खाली पडला.

“वा!” घड्याळवाले साहेब म्हणाले. “उत्तम. मुंबईला कळवा, आपण तयार आहोत.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हलिमाला काही कळेना. टाळ्या कशासाठी? ती हसनकडे वळणार तोच तिच्या मागचं दार ढकलून चाळिशीचा एक धडधाकट माणूस धापा टाकत आत आला.

“सॉरी साहेब, बस चुकली,” कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला. “मी शहाजी, आपल्या स्टोअरमधला. रंगीत तालमीतला पेशंट मीच आहे. कुठल्या खाटेवर झोपू?”