चिमणभाऊचा मेसेज

तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि झरीतल्या पाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अफवांना ऊत आला. "आज मोठा धक्का येणार", "धरणाला तडा गेला" असं काहीबाही वाचून माणसं पोरंबाळं घेऊन शेतात पळायची. अशाच एका पळापळीत ग्रुपचा अ‍ॅडमिन चिमण याच्या शेजारची बारकी पोर पडली आणि तिचा पाय मोडला.

चिमण भडकला. त्याने ग्रुप असा बंद केला की त्याच्याशिवाय कुणालाच काही टाकता येईना. अफवा थांबल्या, पण आता जो तो त्यालाच विचारू लागला, "चिमणभाऊ, आज घरात झोपू ना?"

"मला काय कळतंय त्यातलं?" असं तो कळवळून सांगायचा, पण कुणाला पटायचं नाही. ग्रुप उघडावा तर पुन्हा अफवा, न उघडावा तर हे असं. चिमण पुरता अडकला. शेवटी सुटका करून घ्यायला तो रोज लिहू लागला, "घाबरू नका. काही असलं तर मी कळवीन."

एके दिवशी दिवेलागणीला जोराचा धक्का बसला. चिमण ताटावरून उठला आणि बायकोचा हात धरून अंगणात धावला. मोबाईल आतच राहिला. कौलं खडखडत होती, भिंती हादरत होत्या आणि अख्ख्या पाड्यात त्या दोघांशिवाय बाहेर कुणीच आलं नव्हतं.

शेजारच्या घरातून लडक्या ओरडला, "चिमणभाऊ, तुझा मेसेज नाय आला अजून! बाहेर यायचं का?"