दमदार बॅटरी

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली ईश्वरदासची मोटारसायकल पुसाच्या थंडीत काही केल्या सुरू होईना. सालेकशाला पोरगी पाहायला गेला तेव्हा परत निघताना पोरीच्या बापालाच गाडी ढकलावी लागली, अन् सारं आंगण हसलं. आता पुन्हा बोलावणं आलं होतं. यावेळी अनुसयाबाई लेकाला घेऊन स्वतःच गोंदियाच्या बॅटरीच्या दुकानात जाऊन बसली.

"माँजी, इसमें यही छोटी बैटरी लगती है," दुकानदार म्हणाला.

"मले नोको शिकवू. बैल घेतला तं आंग पाहून घेतला मी. एवढ्याशा डबीत थंडीत टिकाचा दम कायचा राहीन? ते कोपऱ्यातली मोठी काढ."

"माय, ते ट्रकची आहे. ठेवू कुठी तिले?" ईश्वरदास कुरकुरला.

"ते मी पाहीन. तू गप राय."



ठरल्या दिवशी मोटारसायकल पहिल्याच लाथेला सुरू झाली, अन् नवरदेव फटफट करत सालेकशात शिरला: पुढं बैलबंडीत बॅटरी मांडीशी धरून बसलेली माय, अन् मागं बॅटरीपासून गाडीपर्यंत ओढलेली तार तुटू नये म्हणून बैलांच्या चालीनं येणारा तो.