बिननावाची पाकिटं

राजशेखरनं पाकीट फाडलं, नोटा टेबलावर टाकल्या आणि पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. ऑर्डरच्या नंबराची तर बातच सोडा.

"हे चौथं!" तो खेकसला. "पैसे पाठवायची अक्कल आहे, नाव लिहायची नाही!"

आत त्याची बायको पूनम शेंगाचटणी कुटत होती. तिचं मुसळ क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

नवी पेठेतल्या त्या दोन खोल्यांतून राजशेखर जुनी पितळेची भांडी ऑनलाइन लिलावात विकायचा. काही भंगारवाल्यांकडून उचललेली, काही घरच्याच माळ्यावर धूळ खात पडलेली. चिंचेनं घासून खिडकीतल्या उन्हात फोटो काढला, की मोडीत जाणारा तांब्या एका दिवसात 'अँटिक' व्हायचा. भांड्यावर कुणाचं नाव कोरलेलं असलं तर ते तो आधी मशीननं घासून काढायचा. कुठल्या तरी बाईचं नाव मिरवणारी घागर हॉटेलवाला दारात कशाला ठेवेल?

जुन्या वस्तूंचे शौकीन म्हणजे बहुतेक पेन्शनर. फोनवरून पैसे पाठवायला त्यांचा हात थरथरतो. म्हणून 'पैसे टपालानं पाठवले तरी चालतील' असं त्यानंच जाहिरातीत लिहिलं होतं. आता ते अंगाशी आलं होतं. पैसे घेऊन माल दिला नाही, अशा दोन तक्रारी त्याच्या खात्यावर आधीच लागल्या होत्या. तिसरी लागली की खातं कायमचं बंद, आणि घर तर त्या खात्यावरच चालत होतं. हा बिननावाचा माणूस कधी बोंब मारेल याचा नेम नव्हता.

त्यानं पाकीट उजेडात धरलं. पत्त्याच्या जागी त्याच्याच नाव-पत्त्याचं छापील लेबल होतं, पार्सलच्या मागे लावायचं.

"जुनं गिऱ्हाईक आहे हे. पार्सलवरचं लेबल सोलून मलाच चिकटवतंय. शाईचासुद्धा खर्च नको! आणि नोटा बघ, लालभडक. चटणीचा हात तरी पुसावा माणसानं."

"सोलापुरात कुणाच्या हाताला चटणी न्हाय?" पूनम आतून म्हणाली. तिची चटणी गल्लीत पावशेर-अर्ध्या किलोनं जायची.

"शिक्काही सोलापूरचाच आहे. तू रोज पार्सलं घेऊन पोस्टात जातेस, तिथं चौकशी कर की जरा."

"रोज तर जाते."

त्यानं मोबाईलवर सगळ्या ऑर्डरी पुन्हा काढल्या. जिंकलेल्या बोलीच्या रकमांशी पाकिटातल्या रकमा कधीच जुळल्या नव्हत्या. आज वैतागून तो वस्तूंच्या पानावर गेला आणि त्याची नजर सुरुवातीच्या किमतीवर पडली. पहिलं पाकीट तांब्याचं, दुसरं परातीचं, तिसरं समईचं. रुपयाचाही फरक नाही. हे चौथं घागरीचं.

त्याचं डोकंच फिरलं. तांब्या, परात, समई, तिन्ही कधीच दुसऱ्यांच्या घरी पोचली होती.

"बोली लावायचीच नाही, आणि पहिल्या किमतीचे पैसे टाकून मोकळं व्हायचं! ह्याला काय लिलाव म्हणतात? ही काय मंडईतली मेथीची जुडी आहे?"

पूनम हात न पुसताच बाहेर आली. घागर खोक्यात बंद होऊन दाराशी ठेवली होती. पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं ती घेतली होती आणि कुरिअरवाला कुठल्याही क्षणी येणार होता.

"मग घागर त्येचीच की," पूनम म्हणाली. "त्येनं पैसे टाकल्यात."

"पुण्याच्या माणसानं तिप्पट टाकलेत."

"पैसे टाकील त्येची वस्तू, असं तुमीच म्हनता."

असं आपण कधी म्हणालो, ते त्याला चटकन आठवेना. बहुतेक माळ्यावरून भांडी उतरवताना ती शिडीखाली उभी राहून काहीतरी मधेमधे करत होती, तेव्हा. तू गिऱ्हाईक आहेस का, असंही तो वर म्हणाला होता. धंद्याच्या वेळी बायकांनी कटकट केली की माणूस काहीही बोलतो.

"शहाणपणा शिकवू नकोस मला," तो ओरडला. "वस्तू घेणारा दाद मागतो, फोन करतो, भांडतो. तीन वस्तू गेल्या तरी हा मुका! असला माणूस पाहिला नाही मी."

"मुका नसंल. बोलून थकला असंल."

दारात मोटारसायकल थांबली. कुरिअरवाला हेल्मेट न काढताच आत डोकावला. "घागरीचं पार्सल हेच का?"

"हेच. घेऊन जा," राजशेखर म्हणाला.

पण पूनम आधी वाकली आणि तिनं खोक्यावर हात ठेवला. पुठ्ठ्यावर पाची बोटं लाल उमटली.

"हात काढ," राजशेखर म्हणाला. ती हलली नाही. त्याचा पारा आणखीच चढला. "मला काय घागर ठेवून घ्यायची हौस आहे का? ह्या माणसाला दिलीही असती! पण पाठवू कुठं? नाव तरी लिहायचं होतं त्यानं! पत्ता तरी द्यायचा होता!"

पूनमनं दुसऱ्या हातानं टेबलावरचं पाकीट उचललं आणि त्याच्या घरचं लेबल त्याच्याच डोळ्यांसमोर धरलं.

"पत्ता बरोबर हाय," ती म्हणाली. "आन् माझं नाव घागरीवर हुतं. ते तुमीच घासून काढलं."