कोथिंबीर वेगळी, मिरच्या वेगळ्या

"आईला ऑनलाइन मागवायचं व्यसन लागलंय," असं अभिरामने तिकडे कॅनडात बसून ठरवलं आणि सीवूड्समधल्या एका समुपदेशक बाईंची वेळही घेऊन टाकली. मी गेले. मुलाशी भांडायचं म्हटलं तरी तो समोर हवा ना!

क्षिप्रा मॅडम अभिरामच्याच वयाच्या. मला वाटलं, आता उपदेश करतील. त्यांनी एक वही दिली. "काकू, मागवणं बंद करू नका. फक्त दर वेळी नेमकं कधी बरं वाटलं, तेवढं लिहून ठेवा."

आठ दिवसांनी त्यांनी वही उघडली. सोमवारी सकाळी कोथिंबीर, दुपारी मिरच्या, संध्याकाळी आलं. मंगळवारी लिंबं, मग कढीपत्ता.

"हे सगळं एकदम का नाही मागवत?"

"मलाही ठाऊक नव्हतं. अभिरामला वाटतं, मला पिशव्या उघडायची हौस आहे. अहो, मिरच्या तर मी कामवाल्या बाईलाच देऊन टाकते. लिहायला लागले तेव्हा कळलं, पिशवी दारात येईपर्यंत माझं बरं वाटणं संपलेलं असतं."

"मग बरं कधी वाटतं?"

मी वहीचं शेवटचं पान पुढे केलं. तिथे मी लिहिलं होतं, 'डिलिव्हरीवाला गेटवर आला की वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, काकू, घरी आहात ना? तेव्हा.'