बत्तीस बिटांचा खुलासा

"नाही चालणार, बाई," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा युनिएस्की म्हणाला. "प्रिंटर चालवणारा हा ड्रायव्हर प्रोग्राम बत्तीस बिटांसाठी लिहिलाय. नव्या कॉम्प्युटरवरची सिस्टिम चौसष्टची. ती याला उंबऱ्याच्या आत घेत नाही."

ब्रेलची खोली सांभाळणाऱ्या नेलिदाने ब्रेल प्रिंटरवर हात ठेवला. थंड होता. गेल्या आठवड्यापर्यंत तो जाड कागदावर टपटप टिंबं उठवायचा आणि खालच्या मजल्यावरून आवाजाच्या तक्रारी यायच्या. मग वरिष्ठ कार्यालयाचा ट्रक कामाग्वेय शहरातल्या या छोट्या वाचनालयात आला, जुने कॉम्प्युटर घेऊन गेला, नवे ठेवून गेला. तेव्हापासून ब्रेलची खोली गप्प होती.

"चौसष्टचा प्रोग्राम कुठे मिळेल का?"

"काढलाच नाही कुणी. प्रिंटर बनवणारी कंपनीच बंद पडली."

दारात संचालक ओस्मेल बाराओना उभा होता. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला शब्द त्याच्यासाठी शेवटचा असायचा, एवढंच.

"नव्या प्रिंटरची मागणी पाठवतो, नेलिदा. पुढच्या वर्षी येईल."

"लिओनेलची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

लिओनेल साखर कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर फुटला, त्यात त्याचे डोळे गेले. चाळिशी उलटल्यावर तो नेलिदाकडे ब्रेल शिकला आणि आता त्याला वकील व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेसाठी इतिहासाची निम्मी टिपणं छापून झाली होती, निम्मी राहिली होती.

"कुणीतरी वाचून दाखवेल त्याला," ओस्मेल म्हणाला आणि जिना उतरून गेला.

नेलिदा जन्मापासून आंधळी. हे वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती. वाचून दाखवणाऱ्याला भूक लागते, जांभया येतात, त्याची बस येते. धडा मध्येच राहतो.

"मला सांग," ती युनिएस्कीला म्हणाली, "या नव्या मशीनवर बत्तीसची सिस्टिम बसते का?"

युनिएस्कीने मशीनची माहिती उघडून पाहिली. "बसते. बत्तीसच्या मशीनवर चौसष्ट बसत नाही, पण हे होतं. फक्त निम्मी मेमरी वाया जाईल. नवंकोरं मशीन म्हाताऱ्यासारखं वागेल."

"मीही म्हातारीच आहे. आमचं जमेल."

"बाई, सगळ्या मशीनवर चौसष्टच ठेवायची असा हुकूम आहे. माझ्या नोकरीवर गदा येईल."

"कुणी विचारलं तर माझं नाव सांग. विचारलं नाही तरी सांग."

मधे दोनदा वीज गेली. युनिएस्की घाम पुसत बसून राहिला, वीज आली की पुन्हा कामाला लागला. त्याच संध्याकाळी प्रिंटर टपटपू लागला आणि खालून कुणीतरी ओरडलं, "आलं का हे परत?"

थोड्याच दिवसांत वरून फोन आला. तपासणीत एक मशीन वेगळं निघालं होतं. ओस्मेल जिना चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"आजच्या आज जुनी सिस्टिम काढा. नाहीतर लेखी खुलासा द्या. आणि खुलासा दिलात तर ही खोली राहील याची मी हमी देत नाही."

"लेखी?"

"लेखी."

नेलिदा कळफलकाकडे वळली. थोडा वेळ टाइप केलं. प्रिंटरने एकच कागद बाहेर काढला. तिने तो प्रिंटरमधून फाडून ओस्मेलच्या हातात दिला.

ओस्मेलने कागद उलटसुलट करून पाहिला. पांढऱ्यावर पांढरी टिंबं. "हे मी कसं वाचायचं?"

"कुणीतरी वाचून दाखवेल."

"नेलिदा, चेष्टा पुरे. तुम्हीच वाचा."

"मी आरोपी. उद्या म्हणाल, बाईने भलतंच वाचलं. लिओनेल खाली बसलाय, त्याला सांगा."

लिओनेल वाचनकक्षात टिपणांवर बोटं फिरवत बसला होता. ओस्मेल त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसला. टिंबांचा कागद वर पाठवून उपयोग नव्हता, तिथे तो कोण वाचणार? त्याने कार्यालयाचा छापील कागद आणि पेन काढलं.

"वाच. मी उतरवून घेतो."

भाजल्याच्या डागांनी भरलेलं बोट ओळीवरून सावकाश सरकलं. लिओनेल अजून अडखळत वाचायचा.

"मशीनमधला बदल... माझ्या सांगण्यावरून झाला. ही खोली वाचणाऱ्यांची आहे. मी हा बदल... मागे घेणार नाही. ज्याला घ्यायचा असेल... त्याने इथे यावं आणि... माझ्यासमोर घ्यावा."

ओस्मेलने शब्द न् शब्द उतरवला. त्याचं अक्षर सुरेख होतं.

"खाली नाव?"

लिओनेलचं बोट कागदाच्या कडेपर्यंत जाऊन आलं. "नाव नाहीये."

"विसरल्या असतील."

"बाई?" लिओनेल हसला. "त्या विसरतात होय?"

ओस्मेलने स्वतःच्याच अक्षरातला मजकूर पुन्हा वाचला. माझ्या सांगण्यावरून. मी मागे घेणार नाही. माझ्यासमोर घ्यावा. लिओनेलने आपली टिपणं पुन्हा पुढ्यात ओढली होती आणि ओठ हलवत तो पुढच्या ओळीवर गेला होता. त्याला वाचून दाखवायला शेजारी कुणीही नव्हतं.

ओस्मेलने कागद टेबलावर सरळ केला. मग त्या मजकुराखाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि वाचनालयाचा शिक्का मारला.