कडी आणि कादंबरी

मुलांच्या विज्ञान-हस्तकला मेळाव्यात कापसाची बुरशी करायची आणि शेजारी खरी ठेवायची, असं ग्रंथपालबाईंनी ठरवलं. थुंकी लावून पानं उलटणाऱ्या म्हाताऱ्यांची त्यांना शिसारी यायची. पोरांना तरी ती खोड लागायला नको! हस्तकलेच्या सरांनी आधी प्रयोग करून पाहिला होता. त्यांनी पावाच्या दोन बंद पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"हा पाव संडासाच्या कडीवर घासलाय." त्यावर जेमतेम दोन ठिपके होते.

दुसऱ्यावर हिरवीगार लव माजली होती.

"शी! हा कुठल्या घाणेरड्या म्हाताऱ्याच्या पुस्तकावर घासलात?"

"तुमच्या टेबलावरच्या कादंबरीवर."

"काहीतरीच बोलू नका! पुढचं ठरवू," म्हणत बाईंनी बोट जिभेला लावलं आणि आराखड्याचं पान उलटलं.