दिवा चालू होता

"नको उघडूस तो," वहिनी म्हणाली. "वरून पॉलिश मार आणि देऊन टाक."

पण धाकट्याने पहिला स्क्रू सोडवलासुद्धा होता. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी त्याचं नाव धाकटाच राहिलं होतं. जुन्या अ‍ॅम्ब्युलन्सचे, आगीच्या बंबांचे दिवे पुन्हा जिवंत करणं हा त्याचा धंदा. हौशी लोक लांबलांबून दिवे आणून द्यायचे. तो वायरिंग करायचा, आणि वहिनी शेजारच्या स्टुलावर बसून आतले आरसे घासून लख्ख करायची. अपघातात तिचा पाय अधू झाला तेव्हापासून ती त्याच्याच घरी होती.

आजचा दिवाही असाच एका गिऱ्हाइकाने भंगारातून उचलून आणलेला. गंज पुसता पुसता तळाच्या पत्र्यावर नंबर दिसला तेव्हा धाकट्याचा हात थांबला होता. दादाच्या गाडीचा नंबर.

दादा अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा, वहिनी त्याच गाडीवर नर्स. वीसेक वर्षांपूर्वी, धुक्यातल्या एका सकाळी, चौकात ट्रक आडवा आला. मागचा पेशंट जागच्या जागी गेला. दादा मदत येईपर्यंत होता, मग तोही गेला. ट्रकवाला कोर्टात ऊर फोडून सांगत होता, "साहेब, इंजिनाच्या आवाजात भोंगा ऐकू आला नाही, आणि दिवा बंद होता हो!" वहिनी कुबडी टेकत साक्षीला उभी राहिली. शपथ घेऊन म्हणाली, "दिवा चालू होता." एवढंच. तिच्या शब्दापुढे दिवा उघडून बघायची गरज कोणाला वाटली नाही. ट्रकवाल्याला शिक्षा झाली आणि तो तुरुंगातच खंगून मेला. ती बातमी आली त्या दिवशी धाकटा पोटभर जेवला होता.

"वहिनी, आज त्या मेलेल्याला खोटा पाडतो," तो म्हणाला. लाल काच त्याने अलगद उचलून बाजूला ठेवली. "बल्ब चालू असला की तार तापून मऊ झालेली असते. धक्का बसला की ताणली जाते, लोंबते. बंद असला तर तशी लोंबत नाही. बघाच तुम्ही."

वहिनीने बघितलं नाही. ती मांडीवरचा आरसा घासत राहिली.

धाकट्याने बल्ब काढला, फडक्याने पुसला, खिडकीच्या उजेडात धरला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा धरला. आतल्या तारेचे बारीक वेढे एकमेकांना चिकटून बसले होते. अगदी नव्यासारखे.

त्याने बल्ब फडक्यावर ठेवला.

"बंद होता," तो म्हणाला. "दादाने दिवा लावलाच नव्हता."

वहिनीने आरसा मांडीवर पालथा घातला.

"तुम्ही त्याच गाडीत होतात. तुम्हाला माहीत होतं!" त्याचा आवाज चढला. "नवऱ्याची अब्रू राखायला भर कोर्टात खोटं बोललात? एका निरपराध माणसाला मातीत घातलंत, वहिनी! आणि मी खुळा, इतकी वर्षं दादाच्या फोटोला हात जोडतोय. हा निघालो मी. त्या ट्रकवाल्याच्या बायकोच्या पायावर डोकं ठेवतो आणि सांगतो, गुन्हेगार आमचा दादा होता."

"त्यांना काही बोलायचं नाही!" वहिनी एकदम कडाडली. एवढ्या वर्षांत तिचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. "तळाची पट्टी काढ. आधी जोड बघ, मग जा कुठे जायचं ते."

त्याने पट्टी काढली. खाली दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली होती. जोड पक्का करणाऱ्या सोल्डरचा थेंबसुद्धा नव्हता. टेप ओघळली होती, पीळ सुटला होता, एक वायर मोकळीच लोंबत होती. आणि तो पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसाने घातलेला.

धाकट्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

तेव्हा तो नुकताच कामाला लागला होता. हा पोरगा पुढे नाव काढणार, असं जो भेटेल त्याला सांगत दादाने आपल्या गाडीचा दिवा मोठ्या कौतुकाने त्याच्याकडे दुरुस्तीला दिला होता. सोल्डर नंतर मारू, तोवर चालतंय, असं म्हणून त्याने दिवा परत दिला. ते नंतर काही उजाडलं नाही.

"चौकाच्या अलीकडे धुक्यावरचा लाल उजेड गेला, दिवा बंद पडला," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, गाडी थांबवा. तर म्हणाले, मागे माणूस मरतोय, थांबू कुठे? मग पत्र्यात अडकून पडले होते, पण शुद्ध होती. पाणी मागितलं नाही, काही नाही. एकच घोकत होते. 'धाकट्याचं नाव येऊ देऊ नकोस. पोर आयुष्यातून उठेल.'"

धाकट्याने ती मोकळी वायर बोटांत धरली. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? त्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्यावर तुला निदान झोप तरी लागत होती."

तो उठला. पायात चपला सरकवताना दोनदा अंगठा चुकला. मागून कुबडीचा आवाज आला.

"थांब. मीही येते. शपथ मी घेतली होती."

दोघं रस्त्याला लागले. पत्ता कोणाला विचारायची गरज नव्हती. निकालाच्या दिवशी धाकट्यानेच त्या घराच्या खिडकीवर दगड मारला होता, आणि आतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आल्यावर दुसरा उचलला होता.